पॅरिस, इंटरलाकेन, टस्कनी, व्हेनिस, बार्सिलोना: सहा जणांच्या कुटुंबाने रेल्वेने जावे, गाडीने की विमानाने?

सांजवारा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये आम्ही सहा जण युरोपला जाण्याचे ठरवत आहोत. आम्ही दोघे, सात आणि तीन वर्षांची मुले आणि माझे सासू-सासरे. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. सपाटीवर त्या सावकाश का होईना, बऱ्यापैकी चालतात, पण जिने चढणे-उतरणे त्यांना जड जाते. पॅरिसला उतरायचे, तेथून स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेन, मग इटलीत टस्कनीच्या खेड्यापाड्यांत काही दिवस, त्यानंतर व्हेनिस आणि शेवटी बार्सिलोनाहून परत, असा क्रम जवळजवळ पक्का आहे. घोडे अडले आहे ते मधल्या प्रवासावर.

घरात तीन पक्ष पडले आहेत. यजमानांचे म्हणणे असे की पॅरिसमध्येच सात आसनांची गाडी भाड्याने घ्यावी, म्हणजे सामान सारखे चढवा-उतरवायला नको आणि मुलांच्या कलाने थांबता येईल. सासऱ्यांना रेल्वेचा पास हवा आहे. मला वाटते की तासाभराच्या विमानप्रवासात मुले कंटाळत नाहीत, मग दिवसदिवस रुळांवर किंवा रस्त्यावर का घालवावा? तिघांनाही आपापला पर्यायच स्वस्त आणि सोयीचा वाटतो. निर्णय घेताना नेमके काय मोजावे, आणि संपूर्ण सहलीसाठी एकच वाहन ठरवणे शहाणपणाचे आहे का, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

दीपस्तंभ

सांजवारा, तुमच्या घरातले तिन्ही पक्ष बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाचे म्हणणे सहलीच्या वेगळ्या टप्प्याला लागू पडते. त्यामुळे संपूर्ण सहलीला एकच वाहन, ही अट आधी सोडून द्या आणि प्रत्येक टप्प्याचा हिशेब एका निवासस्थानाच्या दारापासून दुसऱ्याच्या दारापर्यंत मांडा.

पहिला टप्पाच घ्या. पॅरिस ते झ्युरिक विमान हवेत जेमतेम सव्वा तास असते. पण शहरातून विमानतळ गाठायला तास, उड्डाणापूर्वी दोन तास हजेरी, उतरल्यावर बॅगांची वाट पाहण्यात अर्धा-पाऊण तास आणि झ्युरिक विमानतळावरून इंटरलाकेनपर्यंत रेल्वेचे दोन-सव्वादोन तास धरले, तर बेरीज सात तासांच्या घरात जाते. पॅरिसच्या गार द लियों स्थानकातून टीजीव्ही लिरिया ही वेगवान रेल्वेगाडी सुमारे तीन तासांत स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला पोचते आणि तेथून बर्नमार्गे इंटरलाकेन साधारण दोन तासांवर आहे. गाडी बदलण्याचा वेळ धरूनही साडेपाच-सहा तास होतात, आणि मुख्य म्हणजे त्यातला बहुतेक वेळ तुम्ही एका जागी बसलेले असता. विमानाच्या सात तासांत मुलांना उठवणे, रांगेत उभे करणे आणि पुन्हा बसवणे हे किती वेळा होते ते मोजून पाहा. मुले हवेतल्या तासाभराला कंटाळत नाहीत हे खरे; ती कंटाळतात उरलेल्या सहा तासांना.

सासूबाईंसाठी एक बारकावा सांगतो. लिरियाच्या गाड्या दुमजली आहेत. चढण्याचे दार खालच्या मजल्यावर असते, पण एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्याची वाट आणि खाद्यपदार्थांचा डबा वरच्या मजल्यावर. म्हणून तिकीट काढतानाच खालच्या मजल्यावरची आसने मागून घ्यावीत, म्हणजे जिना चढावा लागत नाही. दुसरे असे की पुष्कळदा दोन गाड्या एकमेकींना जोडून सोडतात आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. फलाट क्रमांक सुटण्याच्या साधारण वीस मिनिटे आधीच फलकावर लागतो आणि दारे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी बंद होतात. एवढ्या वेळात सहा माणसे आणि त्यांच्या बॅगा लांबलचक फलाटाच्या योग्य टोकाला न्यायच्या असल्याने डब्याचा क्रमांक आधीच पाठ असलेला बरा.

इंटरलाकेनहून पुढेही रेल्वेच घ्या. श्पीत्सला गाडी बदलली की युरोसिटी गाडी लोचबर्ग आणि सिम्प्लॉनच्या बोगद्यांतून मिलानला आणते. सिम्प्लॉनचा बोगदा १९०६ सालचा आणि जवळजवळ २० किलोमीटर लांबीचा आहे. तुमच्या सात वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला तेवढी माहिती दिली तर बोगदा संपेपर्यंतचा वेळ घड्याळ बघण्यात जाईल. मिलानचे चेंत्राले हे टोकाचे स्थानक असल्याने सगळे फलाट एका पातळीवर आहेत, टस्कनीतले मुख्य शहर फ्लॉरेन्सच्या वेगवान गाडीसाठी जिना लागत नाही. मात्र सिम्प्लॉनचा मार्ग दुरुस्तीसाठी अधूनमधून काही आठवडे बंद ठेवतात, म्हणून तारखा ठरवण्यापूर्वी स्विस रेल्वेच्या वेळापत्रकात खात्री करून घ्या.

वाटाड्या

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण टस्कनीत मात्र यजमानांचे म्हणणे ऐका. खेड्यातल्या घरी राहायचे, सकाळी एका गावाला आणि संध्याकाळी दुसऱ्या गावाला जायचे, तर तेथे रेल्वे कामाची नाही आणि बसगाड्या रविवारी फारच विरळ असतात. गाडी तेथे हवीच. फक्त ती पॅरिसहून नेऊ नका. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात परत केलेल्या गाडीवर भाडे कंपन्या जबर जादा आकार लावतात, सीमा ओलांडायला त्यांची परवानगी लागते, आणि पॅरिस, इंटरलाकेन व व्हेनिस या तिन्ही ठिकाणी ती नुसती पैसे भरून उभी राहील. इंटरलाकेनजवळच्या लाउटरब्रुनेनच्या पुढची व्हेंगेन आणि म्यूरेन ही गावे तर मोटारींना बंदच आहेत.

आता सहा माणसांच्या गाडीबद्दल. संकेतस्थळावर सात आसने दिसली की लोक निश्चिंत होतात, पण तिसरी ओळ उघडल्यावर मागे दोन छोट्या बॅगांपुरतीच जागा उरते. सहा माणसे आणि चार मोठ्या बॅगा असतील, तर नऊ आसनांची व्हॅन पाहावी लागेल. ती साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. टस्कनीतल्या जुन्या गावांच्या गल्ल्यांमध्ये ती वळवणे हा मात्र स्वतंत्र पराक्रम आहे. याहून सोपा मार्ग असा की मोठे सामान कमी करून सात आसनांत भागवावे. ऑटोमॅटिक गिअरची गाडी हवी असेल तर आरक्षणातच तसे नमूद करा, कारण तेथे हाताने गिअर बदलण्याच्या गाड्या अजून सर्रास मिळतात.

कागदपत्रांत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना विसरू नका. इटलीत युरोपीय संघाबाहेरच्या परवान्याबरोबर तो लागतो. मूळ परवाना ज्या देशाचा, त्याच देशात तो काढावा लागत असल्यामुळे निघाल्यावर ही चूक सुधारता येत नाही. शिवाय मूळ परवाना जवळ नसेल तर त्याला काही अर्थ नाही. चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्डही हवे, कारण अनामत रक्कम त्यावरच अडकवून ठेवतात.

मुलांच्या आसनांबाबत इटलीचा कायदा कडक आहे. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला वयानुरूप आसन सक्तीचे आहेच, आणि चार वर्षांखालील मूल असेल तर त्या आसनाला मूल गाडीत विसरले गेल्यास इशारा देणारे उपकरणही असावे लागते. इटलीत नोंदलेल्या गाड्यांना हा नियम लागू असल्याने भाड्याची गाडी त्यात येते. तुमचे धाकटे तीन वर्षांचे आहे, तेव्हा आसन आरक्षित करताना हे उपकरण मिळेल ना, असे लेखी विचारून घ्या.

गाडी फ्लॉरेन्सच्या मध्यभागी घेऊ नका. तेथे आणि इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या गाभ्यात झेडटीएल म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. प्रवेशावर कॅमेरे लावलेले असतात आणि दंडाची नोटीस भाडे कंपनीकडून तुमचे नाव घेऊन काही महिन्यांनी घरी येते. कंपनी आपली हाताळणी फी कार्डावरून वेगळी कापते. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला स्थानकासमोरून ट्राम पकडून विमानतळावर जावे आणि तेथून गाडी घ्यावी, म्हणजे थेट बाहेरच्या रस्त्याला लागता येते.

मुशाफिर

रेल्वेचे कौतुक वाचून बरे वाटले, तरी गुडघ्यांच्या बाबतीत विमानतळ वाटतो तितका वाईट नाही, हे कोणीतरी सांगायला हवे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार चालण्याचा त्रास असलेल्या प्रवाशाला विमानतळावर विनामूल्य मदत मिळते. विमान कंपनीला ४८ तास आधी कळवले की दारापासून आसनापर्यंत व्हीलचेअर येते आणि सोबतचे कुटुंबही बहुधा त्याच छोट्या रांगेतून पुढे जाते. रेल्वेतही ही सोय आहे आणि सूचना २४ तास आधी दिली तरी चालते. इटलीत त्यासाठी मोठ्या स्थानकांवर साला ब्लू नावाचा कक्ष असतो. पण लहान स्थानकांवर सगळीकडे ही मदत मिळेल असे गृहीत धरू नये, आणि पुष्कळ गाड्यांना फलाटावरून दोन-तीन पायऱ्या चढाव्याच लागतात.

सासऱ्यांच्या पासाबद्दल. युरोपबाहेरच्या रहिवाशांसाठी असलेला युरेल पास रोज कुठेतरी जाणाऱ्याला परवडतो. तुमच्याकडे रेल्वेचे मोठे टप्पे मोजके आहेत. फ्रान्स आणि इटलीतील वेगवान गाड्यांत पास असूनही आसनाचे वेगळे आरक्षण आणि त्याचे वेगळे पैसे लागतात, त्यामुळे काही महिने आधी काढलेली साधी तिकिटे बहुतेक स्वस्त पडतील. पासाच्या बाजूने एकच वजनदार मुद्दा आहे: बारा वर्षांखालील मुलांना मोठ्यांबरोबर पास फुकट मिळतो. तिकिटांचा दर आणि पासाचा दर समोरासमोर मांडून सासऱ्यांनाच बेरीज करायला द्या. स्वित्झर्लंडमध्ये मात्र स्विस ट्रॅव्हल पासाचा विचार जरूर करावा, कारण आईवडिलांबरोबर असलेल्या सहा ते सोळा वर्षांच्या मुलांना त्यावर विनामूल्य फॅमिली कार्ड मिळते आणि त्याहून लहान मुलांना तिकीट लागतच नाही.

व्हेनिस ते बार्सिलोना हा टप्पा विमानाचाच. हवेतून दोन तासांच्या आत होणारे अंतर रेल्वेने गाठायला अनेक गाड्या बदलून दिवसाहून अधिक वेळ जाईल. येथे लक्ष द्यायचे ते तिकिटाच्या दर्शनी किमतीपलीकडे. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पूर्ण आसन घ्यावे लागते, स्वस्त कंपन्यांत प्रत्येक बॅगेचा, कधी कधी शेजारी बसण्याचाही आकार वेगळा असतो, आणि विमानतळ कोणता तेही तपासावे. पॅरिसच्या नावाने विकले जाणारे बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. व्हेनिसजवळच्या दोन विमानतळांपैकी मार्को पोलो तुम्हाला जवळचे.

व्हेनिसला मोटार पियाझाले रोमा या चौकाच्या पुढे जात नाही, म्हणून ती अलीकडच्या मेस्त्रे स्थानकाजवळ परत करून शेवटची दहा-बारा मिनिटे रेल्वेने जावे. सांता लुचिया स्थानकाबाहेर पडले की समोरच ग्रँड कॅनॉल आणि वापोरेत्तोचे म्हणजे पाण्यावरच्या बसचे थांबे आहेत. निवास निवडताना थांब्यापासून दारापर्यंत किती पूल ओलांडावे लागतात हे घरमालकाला नक्की विचारा. व्हेनिसचे पूल म्हणजे दोन्ही बाजूंनी पायऱ्या, आणि सासूबाईंच्या दृष्टीने संपूर्ण सहलीतला हा सर्वांत कठीण भाग आहे.

सांजवारा

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांनी टस्कनीपुरती गाडी मान्य केली आहे आणि सासरे कागद-पेन्सिल घेऊन बसले आहेत. एक शंका उरते. इतके तुकडे केले की एक गाडी उशिरा आली तर पुढचे सगळे कोसळणार नाही का? संपाच्या बातम्याही सतत वाचायला मिळतात.

दीपस्तंभ

कोसळू शकते, म्हणून दोन टप्प्यांची तिकिटे शक्यतो एकाच आरक्षणात काढावीत. पॅरिस ते इंटरलाकेन असे सलग तिकीट असेल आणि बाझेलची गाडी चुकली, तर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेची असते. वेगवेगळी काढलेली स्वस्त तिकिटे असतील तर बहुतेक वेळा ती तुमची. युरोपीय संघाच्या नियमांनुसार रेल्वे एक ते दोन तास उशिरा पोचली तर भाड्याचा २५ टक्के आणि दोन तास किंवा अधिक उशीर झाला तर ५० टक्के परतावा मागता येतो, मात्र अतितीव्र हवामानासारखी कारणे त्यातून वगळली आहेत. विमानासाठी २००४ चा नियम क्रमांक २६१ आहे. उड्डाण रद्द झाले तर पर्यायी प्रवास किंवा पैसे परत, यांतली निवड प्रवाशाची असते. अशा वेळी काउंटरवरच्या रांगेत एकाने उभे राहावे आणि दुसऱ्याने त्याच वेळी कंपनीच्या ॲपवर पुढची आसने पाहावीत. सहा आसने एकत्र मिळणे अवघड असते, तेव्हा आजी-आजोबा आणि मुले कोणाबरोबर विभागून जातील हे आधीच ठरवून ठेवा.

संपांबाबत इटलीची पद्धत सोयीची आहे. संप आधी जाहीर करावे लागतात, वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यांची यादी असते, आणि लांब पल्ल्याच्या काही गाड्या संपातही हमखास सोडल्या जातात. इंटरलाकेनहून फ्लॉरेन्सला जाण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी ती यादी एकदा पाहा. त्या दिवशी संप असेल तर निघण्याची तारीख एक दिवस पुढेमागे करता यावी, एवढ्यासाठी इंटरलाकेनचे निवासस्थान विनाशुल्क रद्द करता येणारे घ्या. बार्सिलोनाहून परतीच्या उड्डाणाच्या आदल्याच दिवशी व्हेनिसहून निघू नका. मध्ये किमान दोन रात्री ठेवा.