पात्र धाय मोकलून रडतं, पण वाचक हलत नाही. काय करावं?

उत्तररात्र :
माझ्या एका कथेवर आम्ही मित्रमंडळी लघुपट करतोय. वडील गेल्यावर चौथ्या दिवशी मुलगी त्यांची खोली आवरायला घेते आणि आवरता आवरता कोसळते, एवढीच गोष्ट. वडिलांना बरीच वर्षं कमी ऐकू यायचं, हा एक तपशील सुरुवातीला येऊन जातो. विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून लिहिताना हात राखला नाही. "काळजात कालवाकालव झाली", "हुंदका आवरेना", "पोरकेपण तिला आतून पोखरू लागलं" हे सगळं कथेत आहे. पटकथेत तिच्या चेहऱ्याचा क्लोजअप, घळाघळा वाहणारे डोळे आणि मागे व्हायोलिन. ज्यांनी वाचलं त्यांचं म्हणणं एकच : दुःख कळलं, पण आत काही झालं नाही.

हे "आत होणं" कथेत कसं घडवतात आणि पडद्यावर कसं? दोन्हीकडे एकच तंत्र चालतं का? शूटिंग तोंडावर आलंय, त्यामुळे नेमकं सांगितलंत तर फार मदत होईल.

कातरकाम :
मी संकलन करते, म्हणून पडद्यापुरतंच बोलते. तुमच्या प्रसंगात सगळं काम त्या मुलीचा चेहरा एकटा करतोय. चेहऱ्यावर एवढा भार टाकू नका.

लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल. मोझ्झुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार क्लोजअप त्याने वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. ती फीत आज उपलब्ध नाही आणि दृश्यं नेमकी कोणती याबद्दल जुन्या वर्णनांत फरक आहे, पण त्याचा शिष्य आणि पुढे स्वतः दिग्दर्शक झालेल्या पुडॉव्हकिनने लिहून ठेवलंय ते असं : सूपची बशी, शवपेटीतली स्त्री आणि खेळणारी लहान मुलगी. सूपकडे बघताना तो विचारात गढलेला, शवपेटीपुढे शोकाकुल आणि मुलीकडे बघताना हसरा, असं म्हणून प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली. चेहरा तोच होता. भाव तयार झाला दोन शॉटांच्या सांध्यात, आणि तो तयार केला प्रेक्षकाने. तुमचा क्लोजअप प्रेक्षकाला करायला कामच ठेवत नाही.

आणि तुमच्याकडे तर सोन्यासारखी गोष्ट पडून आहे! वडिलांना कमी ऐकू यायचं ना? मग त्यांचं कानाचं मशीन कुठे आहे? चालू मशीन मुठीत धरलं की बारीक शिट्टी वाजते, कारण त्याच्या स्पीकरचा आवाज तळहातावर आपटून परत त्याच्याच माइकमध्ये शिरतो. त्यातला छोटा सेल काही दिवस सहज टिकतो, तेव्हा चौथ्या दिवशी ते चालू असणं अगदी शक्य आहे. आता बघा. ती खण उपसतेय. एक घडी घातलेला रुमाल उचलते, मुठीत घेते. शिट्टी. ती दचकते, दाराकडे बघते, खिडकीकडे बघते. आवाज कुठून येतोय हे तिलाही कळत नाही आणि आपल्यालाही. मग रुमाल उलगडतो. प्रेक्षकाला मशीन दिसेल त्याच क्षणी त्याला समजेल की हे अजून ऐकतंय. कुणी काही बोलायची गरज नाही. ती सेलचं झाकण उघडते, शिट्टी थांबते. यानंतर तिच्या चेहऱ्यावर या, आणि तिथे तिला काहीही करायला सांगू नका.

व्हायोलिनबद्दल. ‘पथेर पांचाली’मध्ये (१९५५) हरिहर बऱ्याच काळाने घरी येतो आणि मुलीसाठी, दुर्गेसाठी, आणलेली साडी बायकोच्या, सर्वजयेच्या, हातात देतो. मुलगी गेल्याचं त्याला ठाऊक नाही. सर्वजया फुटते, पण तिचा आक्रोश आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) चढ्या स्वरात वाजते. सत्यजित राय यांनी तिथे संगीत रडण्याखाली अंथरलेलं नाही, रडण्याच्या जागी आणलंय. रडणंही आणि व्हायोलिनही, असं केलंत की दोन्ही एकच निरोप देत राहतात आणि दुसऱ्यांदा आलेला निरोप कुणी ऐकत नाही.

समासातली टीप :
कातरकाम यांचा प्रसंग वाचून मी खरंच थांबलो. पण कथेत तो तसाच उचलू नका. पडद्यावरची शिट्टी कानात घुसते. कागदावर फक्त "शिट्टी वाजली" असं छापून येतं. कागदाची ताकद वेगळी आहे. तो पात्राच्या मनाची भाषा सरळ उसनी घेऊ शकतो, निवेदकाने मध्ये न येता. तुमचं वाक्य आहे, "वडिलांचे कपडे पाहून तिला गहिवरून आलं." त्याऐवजी :

"तिने कपाट उघडलं. एवढे शर्ट! आणि अंगावर मात्र कायम तेच दोन. कितीदा सांगायचं या माणसाला."

"तिला वाटलं", "तिच्या मनात आलं" असलं काही इथे नाही. तिसरं वाक्य कथाकाराचं की तिचं, हे सांगता येत नाही आणि सांगूही नये. शेवटच्या वाक्यात तर तिच्या लेखी वडील अजून सांगून ऐकण्यातले आहेत. वाचकाला ते तसे नाहीत हे माहीत आहे. त्या दोहोंमधल्या फटीत जे होतं, ते "गहिवरून आलं" म्हणून होणार नाही.

दुसरं, ऐकू न येणाऱ्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं राहिलेली मुलगी बोलेल कशी? मोठ्याने. आणि ही सवय चार दिवसांत जात नाही.

"खोकं कुठे ठेवलंस?" तिने विचारलं.
नवरा शेजारीच उभा होता. "अगं, हळू. मी इथेच आहे."

याच्यापुढे एकही खुलासा नको. परिच्छेद तिथेच तोडा. रशियन कथाकार चेखॉव्हने १८९२च्या एका पत्रात लेखिका लिडिया अविलोव्हाला हाच सल्ला दिला होता : वाचकाला हेलावायचं असेल तर लिहिताना अधिक थंड राहा, म्हणजे त्या थंडपणाच्या पार्श्वभूमीवर दुःख उठून दिसतं. तुम्ही वाचकाच्या आधी रडून मोकळे होताय.

मंद्र :
दोघांचं पटतंय, पण एक धोका दिसतो. संयम म्हणजेच कला आणि रडणं म्हणजे बटबटीतपणा, असा समज यातून होऊ नये. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचे अनुभाव, म्हणजे भाव बाहेर दिसण्याच्या खुणा, सांगताना अश्रुपात आणि विलाप अगदी उघडपणे आले आहेत. त्यांच्याबरोबर तोंडाला कोरड पडणं, अंग गळून जाणं, निःश्वास, आठवण हरपणं हेही आहे. म्हणजे रडणं चालतंच. फक्त ते एकटं पुरत नाही.

मला तुमच्या कथेत उणीव जाणवते ती व्यभिचारी भावांची, म्हणजे मुख्य भावावरून येऊन जाणाऱ्या तात्पुरत्या भावांची. भरताने ते ३३ सांगितलेत, आणि करुणाच्या सोबतीला चिंता, आवेग, श्रम, मोह असे कितीतरी येऊ दिलेत. तुमची नायिका पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत फक्त दुःखी आहे. सतत एकच सूर लागला की कानाला त्याची सवय होते. तिला थकू द्या. धुळीने शिंका येऊ द्यात, एखादा निरुपयोगी कागद सापडून राग येऊ दे, जुना फोटो बघून चक्क हसू फुटू दे. शोक हा स्थायी, म्हणजे मुळाशी टिकून राहणारा भाव आहे, तो कुठे जात नाही. असे भाव त्याच्यावरून येऊन गेले की तो जास्त ठळक होतो. शर्टांवरचं ते वैतागलेलं वाक्य लागतं ते याच कारणाने.

उत्तररात्र :
तिघांचेही मनापासून आभार. कानाचं मशीन माझ्या कथेत असायलाच हवं होतं, आता ते येईल. कथेत मोठ्याने बोलणं, पडद्यावर शिट्टी, असं ठरवतेय. मंद्र, हसण्याचा क्षण शिट्टीच्या आधी टाकला तर?

आणि कातरकाम, तिचं कोसळणं पूर्ण काढूनच टाकू का? अभिनेत्रीने त्या प्रसंगाची फार मन लावून तयारी केली आहे.

मंद्र :
अगदी आधी. हसू अजून ओठांवर असतानाच शिट्टी वाजू दे.

कातरकाम :
काढू नका, शूट करा. पूर्ण, न तोडता, एकदा जवळून आणि एकदा खोलीच्या दारातून, ती पाठमोरी दिसेल असं. मला विचाराल तर शेवटी दारातलाच शॉट राहील, कारण तिथे खांदे दिसतात आणि चेहरा प्रेक्षक स्वतः भरतो. पण हे संकलनाच्या टेबलावर ठरू द्या, आत्ता नको. सगळ्यांना गप्प बसवून त्या रिकाम्या खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा. शिट्टी थांबल्यावर तोच लागेल, तिथे पूर्ण निःशब्द ठेवलंत तर ध्वनी तुटल्यासारखा वाटतो. आणि शिट्टी खऱ्या मशीनचीच घ्या, पंखा बंद करून, माइक मुठीजवळ धरून.