डिस्लेक्सियाचा अख्खा रिपोर्ट शाळेच्या हाती का द्यायचा?

आडवळणी:
डिस्लेक्सियासारख्या, म्हणजे वाचन-लेखनात अडवणाऱ्या, अध्ययन अक्षमतेची तपासणी झाली की मानसशास्त्रज्ञ अनेक पानी रिपोर्ट देतात. शाळा म्हणते, जादा वेळ, लेखनिक अशी सवलत हवी तर रिपोर्ट जोडा. पालक झेरॉक्स देऊन मोकळे होतात. त्या पानांत काय काय असतं ते एकदा वाचा. वाचनाचा वेग, लेखनातल्या चुका, आकडेमोड हे असतंच. पण त्याआधी ‘पार्श्वभूमी’ असते: गरोदरपणात काय झालं, आईवडिलांचं पटतं का, मूल रात्री अंथरूण ओलं करतं का, घरात कुणाला नैराश्य होतं का. निदानासाठी हे विचारावंच लागतं. पण गणिताच्या सरांना त्याचं काय करायचंय?

बुद्ध्यांकाचंही तेच. निदानासाठी बुद्ध्यांक आणि शालेय प्रगती यांत तफावत हवी, ही जुनी अट डीएसएम-५ ने, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने, २०१३ मध्येच काढून टाकली. बौद्धिक अक्षमता नाही हे ठरवायला चाचणी लागते, मान्य. पण ते एका ओळीत सांगता येतं. आकडा दिसला की शिक्षकखोलीत मुलाची किंमत ठरते.

माझं मत: शाळेला एक पान पुरे. निदान, अडतं कुठे, सवलती कोणत्या. आणि तेही पान देण्याआधी मुलाला विचारा, किमान बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या.

खडूफळा:
मी स्पेशल एज्युकेटर आहे. एका पानावर मला काम करता येत नाही. ‘डिस्लेक्सिया आहे, जादा वेळ द्यावा.’ बरं, दिला. त्याने वाचता येऊ लागतं का? एका मुलाला शब्दातले ध्वनी सुटे करता येत नाहीत. दुसऱ्याला येतात, पण ओळखीचा शब्दही तो दर वेळी नव्याने जुळवत बसतो. तिसरा घडाघडा वाचतो आणि अर्थ हातातून निसटतो. तिघांना शिकवायची रीत वेगळी. उपचाचण्यांचे, म्हणजे एकेक कौशल्य सुटं तपासणाऱ्या छोट्या चाचण्यांचे, निकाल नसतील तर मी अंदाजाने शिकवते आणि मुलाचं वर्ष जातं. गोपनीयतेची ही किंमत कोण मोजतं? तुम्ही नाही, ते मूल.

आडवळणी:
उपचाचण्यांचे निकाल द्या की. एकाची दोन पानं होऊ देत. अंथरुणाचं कशाला?

चिडका बाप:
मूल माझं, सही माझी. चौदा वर्षांच्या पोराला विचारलं तर तो शाळाच नको म्हणेल. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही अल्पवयीन मुलाच्या वतीने पालकच प्रतिनिधी असतो. विषय संपला.

कलमबहाद्दर:
नाही संपला. त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, तो नाही वाचलात. शिवाय अध्ययन अक्षमता त्या कायद्याच्या ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत सहजी बसत नाही. ती येते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, तिथल्या २१ प्रकारांत. म्हणजे चुकीच्या कायद्यावर भांडण चाललंय.

मुलाला विचारण्याबद्दल: संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १२ आहे. मुलाचं म्हणणं ऐकायचं आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यायचं. ‘वजन द्यायचं’ म्हणजे त्याचाच शब्द अखेरचा असं नाही. ब्रिटनमध्ये १९८५ च्या गिलिक खटल्यात पुरेशी समज असलेलं सोळाखालचं मूल उपचाराला स्वतः संमती देऊ शकतं असं ठरलं. पण तो खटला गर्भनिरोधनाच्या सल्ल्याचा. शाळेच्या रिपोर्टवर तो जसाच्या तसा लावणारे वकील मला पटत नाहीत.

उशिरा कळलेला:
इथे सगळे रिपोर्ट देणारे-घेणारे बोलताहेत. तो रिपोर्ट ज्यांच्यावर असतो त्यांतला मी. घरच्यांनी माझा कुणालाच दाखवला नाही, माझ्या भल्यासाठी म्हणे. सवलत मागितली नाही, जादा वेळ नाही, लेखनिक नाही. शिक्षक आळशी म्हणत राहिले आणि मी खालमानेनं ऐकत राहिलो. आपल्यात झाकून ठेवण्यासारखं काहीतरी आहे, एवढं मात्र पक्कं शिकलो. आडवळणी, तुमचं एक पानसुद्धा मला चाललं असतं. पण तुमच्या युक्तिवादाचा आधार घेऊन पुष्कळ घरं शून्य पान देतात.

आडवळणी:
हे जिव्हारी लागलं. पण लपवणं वेगळं आणि निवडून सांगणं वेगळं. तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, हाच तर माझा मुद्दा आहे.

खडूफळा:
आणि तपासणीत मूल म्हणालं, ‘जगावंसं वाटत नाही’? तेही पानाबाहेर?

कलमबहाद्दर:
जिवाला धोका असेल तिथे गोपनीयता थांबते, यावर या व्यवसायात फारसा वाद नाही. पालकांना ताबडतोब सांगायचं. शाळेत मुलावर लक्ष ठेवायला हवं असेल तर एका जबाबदार माणसाला, तोंडी, गरजेपुरतं. ‘अमुक गोष्ट मी पोटात ठेवणार नाही’ हे मुलाला पहिल्याच बैठकीत सांगून ठेवायचं, नंतर नाही. फाइलीत ते वाक्य कशाला? फाइल शिपायापासून पुढच्या वर्गशिक्षकापर्यंत कुणीही उघडतं.

चिडका बाप:
ठीक आहे. मी विचारलं आणि पोरगा ते एक पानही नको म्हणाला, तर?

आडवळणी:
का नको ते विचारा. बहुतेकदा त्याला सवलत नको नसते, वर्गासमोर नाव पुकारलेलं नको असतं. ते शाळेकडून लिहून घ्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा विचारा.

खडूफळा:
काही आठवड्यांनी लेखनिकाच्या अर्जाची मुदत संपलेली असते.