पिना घासून भागणार नाही

धक्क्यावरून बोटीत वीज घेणाऱ्या ३० अँपियरच्या प्लगच्या काळ्या पडलेल्या पिना पॉलिश पेपरने घासून चालतील का, असं वर विचारलंय. नाही चालणार. गंजलेल्या किंवा सैल जोडाचा रोध ०.१ ओहम धरला, तरी २५ अँपियरला तिथे ६० वॅटच्या वर उष्णता होते; प्लास्टिक वितळणारच. मी आधी नुसता केबलचा प्लग बदलला, बोटीवरचं जळकं सॉकेट तसंच ठेवलं. कंजूषपणा, दुसरं काय! महिन्याभरात नवा प्लगही करपला. त्यामुळे दोन्ही बदला. पेडेस्टलचा (धक्क्यावरच्या वीजखांबाचा) ब्रेकर बंद करून केबल दोन्हीकडून काढा, इन्व्हर्टरही बंद. तांबं चकचकीत दिसेपर्यंत वायर मागे कापा. वायरीच्या टोकाला डाग (सोल्डर) देऊ नका, स्क्रू घट्ट आवळा. मग हीटर अर्धा तास चालवून, तो बंद करून प्लग गरम झालाय का, ते हात लावून बघा.