मदत हवी आहे: रूफटॉप युनिटचा वाय२ कॉन्टॅक्टर तडतडतो आणि कंट्रोलर रीसेट होतो

धागाकर्ता:
चार रूफटॉप पॅकेज युनिट्स आहेत. प्रत्येकात दोन कॉम्प्रेसर, गॅस हीटिंगची एक स्टेज आणि इकॉनॉमायझर डँपर (बाहेरची हवा आत घेणारी झडप). जुने थर्मोस्टॅट काढून कंट्रोलर बसवले आहेत. कंट्रोलर खालच्या पॅनलमध्ये, तिथून युनिटपर्यंत ४५ मीटर केबल, आठ कोअर, अर्धा स्क्वेअर एमएम. कंट्रोलरची पॉवर युनिटच्याच ७५ व्हीए ट्रान्सफॉर्मरवरून, त्याच केबलमधल्या आर (२४ व्होल्टची तार) आणि सी (परतीची, कॉमन तार) वरून येते. आउटपुट ट्रायॅकचे (इलेक्ट्रॉनिक स्विच) आहेत.

जी दिला की पंखा लागतो, वाय१ वर पहिला कॉम्प्रेसर नीट लागतो. वाय२ दिला की दुसऱ्याचा कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) तीन-चार सेकंद तडतडतो, मग कधी पकडतो, कधी नाही. अधूनमधून त्याच क्षणी कंट्रोलर रीसेट होतो, सगळे आउटपुट पडतात आणि कॉम्प्रेसर बंद ठेवणारा पाच मिनिटांचा मिनिमम ऑफ टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू. कॉन्टॅक्टर बदलला, फरक नाही. सगळे स्क्रू घट्ट आहेत. तीन युनिट्सवर हेच रडगाणं. चौथ्याची केबल जेमतेम १२ मीटर आहे, ते व्यवस्थित चालतं. १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घालू का?

तारजोड:
अजून नको. चौथ्या युनिटने अर्धं उत्तर दिलेलंच आहे, पण आधी मोजून खात्री करा. मीटर एसीवर, मिनिमम रेकॉर्ड चालू. वाय२ लागतानाचं सर्वात कमी रीडिंग तीन ठिकाणी हवं: युनिटच्या टर्मिनल पट्टीवर आर–सी, युनिटच्याच पट्टीवर वाय२–सी, आणि खाली कंट्रोलरवर आर–सी. प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबूनच पुन्हा वाय२ द्या, कॉम्प्रेसरला लागोपाठ स्टार्ट देऊ नका. आणि २४ व्होल्टच्या कामात गुंतलेले असताना विसरू नका, त्याच डब्यात हातभर अंतरावर थ्री फेज लाइन उघडी असते.

युनिटच्या पट्टीवर आर–सीच खाली पडला तर दोष ट्रान्सफॉर्मरचा किंवा त्यावरच्या लोडचा. तो टिकला आणि वाय२–सी पडला तर दोष केबलचा.

धागाकर्ता:
मोजलं. युनिटवर आर–सी: काहीच चालू नसताना २६.२, जी आणि वाय१ वर २५.०, वाय२ लागताना कमीत कमी २२.४. वाय२–सी: कमीत कमी १५.९. कंट्रोलरवर आर–सी: १८.३.

तारजोड:
मग केबलच. ट्रान्सफॉर्मर २२.४ पर्यंतच खाली येतो, तेवढं चालतं. पण कॉइलला १५.९ मिळतात, आणि २४ व्होल्टच्या कॉइलचा २० च्या खाली भरवसा धरू नये.

हिशेब असा. अर्धा स्क्वेअर तांब्याच्या तारेला किलोमीटरला साधारण ३८ ओम, म्हणजे ४५ मीटरच्या एका कोअरला १.७ ओम. कॉइलचा करंट युनिटच्या आरवरून खाली कंट्रोलरपर्यंत जातो, ट्रायॅकमधून वळतो आणि वाय२ च्या तारेने पुन्हा गच्चीवर येतो. म्हणजे ३.४ ओम कॉइलच्या सिरीजमध्ये. पकडून बसलेली कॉइल १० व्हीएच्या आसपास घेते, तेव्हा काही जाणवत नाही. पण ओढण्याच्या क्षणी आर्मेचर (कॉइल ओढते तो हलता भाग) अजून उघडं असतं, तेव्हा तीच कॉइल ६० व्हीएपर्यंत मागते, म्हणजे दोन-अडीच अँपिअर. त्यात तुमच्या आरच्या एकाच तारेवर पंख्याच्या आणि पहिल्या कॉम्प्रेसरच्या कॉइलचा करंट आधीपासून वाहतोय. म्हणून वाय१ निभावतो आणि वाय२ अडतो. आर्मेचर अर्धवट ओढलं जातं, सुटतं, पुन्हा ओढलं जातं. तीच ती तडतड. कंट्रोलरही त्याच आरवर बसलाय, त्यामुळे तो रीसेट होतो.

१०० व्हीए घातलात तर २२.४ चे कदाचित २३ होतील. तारेतली घट आहे तिथेच राहील.

गच्चीकर:
सहमत. दीड स्क्वेअरची केबल ओढली तर घट एक तृतीयांश होईल, पण त्याहून चांगला उपाय युनिटच्या कंट्रोल बॉक्समध्ये रिले बसवण्याचा. जी, वाय१, वाय२, डब्ल्यू१ (हीटिंग) साठी चार, २४ व्होल्ट एसी कॉइल, सॉकेटसकट. अशा रिलेची कॉइल ५० मिलिअँपिअरच्या आसपास घेते, ३.४ ओमवर ०.१७ व्होल्ट. आहे तीच केबल पुरते. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा करंट मग फूटभर तारेत, युनिटच्या डब्यातच फिरतो.

कंट्रोलरला खालच्या पॅनलमध्ये वेगळा ४० व्हीए ट्रान्सफॉर्मर द्या. रिलेच्या कॉइल्स या नव्या ट्रान्सफॉर्मरवर, रिलेचे कॉन्टॅक्ट युनिटच्या आरवर. दोन्हींचे सी एकमेकांना जोडू नका. डँपर अ‍ॅक्च्युएटरला कंट्रोलरकडून २ ते १० व्होल्टचा सिग्नल जात असेल तर त्याची पॉवरही कंट्रोलरच्याच ट्रान्सफॉर्मरवर घ्या, नाहीतर सिग्नलला कॉमन मिळत नाही. दोन्ही उपकरणांच्या शीटमध्ये आतला रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) हाफ वेव्ह की फुल वेव्ह ते बघा. एकाचा कॉमन अर्थला आणि दुसरं फुल वेव्ह असेल तर सिग्नलचा कॉमन जोडताक्षणी ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी डायोडमधून शॉर्ट होते. तसं निघालं तर अ‍ॅक्च्युएटरला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर द्या, अर्थ न केलेला.

ट्रायॅकबद्दल एक गोष्ट. तो बंद असतानाही थोडा करंट गळतो. लोड न जोडता मीटर लावलात तर आउटपुट बंद असूनही २४ व्होल्ट दिसतील, त्यावरून ट्रायॅक खराब ठरवू नका. पण हलकी कॉइल या गळतीवर धरून राहू शकते. रिले सोडत नसेल तर कॉइलच्या समांतर ४७० ओम, ५ वॉटचा रेझिस्टर लावा.

धागाकर्ता:
पटलं. जोडणी अशी ठरवली आहे: युनिटच्या पट्टीवरच्या आरवरून चारही रिलेंच्या कॉन्टॅक्टच्या कॉमनला (सी नव्हे) लूप, प्रत्येकाचा नॉर्मली ओपन (रिले लागल्यावर जुळणारा) कॉन्टॅक्ट अनुक्रमे जी, वाय१, वाय२, डब्ल्यू१ ला. खाली जाणारी जुनी आरची तार काढून टाकतो, आता तिचा उपयोग नाही. ड्रेन पॅनचा फ्लोट स्विच (पॅन पाण्याने भरला की तोडणारा) आणि डक्टमधला स्मोक डिटेक्टर आहेत तसेच राहतील.

गच्चीकर:
थांबा. ते दोन्ही सध्या कुठे जोडलेले आहेत?

धागाकर्ता:
खाली जाणाऱ्या आरच्या तारेत, सिरीजमध्ये. आर, मग स्मोक डिटेक्टरचा नॉर्मली क्लोज्ड (ट्रिप झाल्यावर तुटणारा) कॉन्टॅक्ट, मग फ्लोट, मग केबल.

गच्चीकर:
मग तुमच्या जोडणीत दोन्ही बायपास होतात! रिलेंना आर त्या कॉन्टॅक्टच्या आधीच मिळतोय. डक्टमध्ये धूर असेल, डिटेक्टर ट्रिप होईल, त्याचा लाल दिवाही लागेल, आणि पंखा तोच धूर खालच्या खोल्यांमध्ये ढकलत राहील. रोजच्या चालण्यात हे कधीच लक्षात येणार नाही, कारण सगळं उत्तम चालताना दिसेल. थर्मोस्टॅटच्या जागी रिले आले की ही चूक सर्रास होते. कृपया चारही युनिट्सवर तपासा, न तडतडणाऱ्या चौथ्यावरही.

डिटेक्टर आरमध्ये सर्वात आधी ठेवा आणि चारही रिलेंचा कॉमन त्याच्या नंतरून घ्या. त्यातही गॅस हीटिंगच्या बोर्डाला आर थेट मिळत असेल तर डब्ल्यू१ गेल्यावरही तो पंखा ऑफ डिलेपुरता चालवत राहतो, म्हणून डिटेक्टरचा कट बोर्डाच्या आरलाही लागला पाहिजे. काही बोर्डांवर स्मोक शटडाउनचे वेगळे टर्मिनल असतात. असतील तर तेच वापरा. कंट्रोलरला आता स्वतःची पॉवर आहे, त्याला हे काहीच कळणार नाही. डिटेक्टरचा दुसरा कॉन्टॅक्ट त्याच्या डिजिटल इनपुटला द्या आणि त्यावर बाहेरच्या हवेचा डँपर बंद करा. पण पंखा थांबवण्याचं काम तारेनेच व्हायला हवं, प्रोग्रॅमवर सोडू नका.

फ्लोट मात्र मेन आरमधून काढा. पॅन भरला तर कूलिंग थांबायला हवं, हीटिंग कशाला? तो फक्त वाय१ आणि वाय२ च्या रिलेंच्या कॉमनमध्ये घाला.

तारजोड:
बदललेला कॉन्टॅक्टरही एकदा उघडून बघा. तडतडताना दरवेळी पूर्ण स्टार्टिंग करंटवर आर्क होतो. कॉन्टॅक्टच्या टिकल्यांवर काळे खड्डे किंवा वितळून आलेले दाणे दिसले तर घासून चालवू नका, नवा घाला. तीनपैकी एक टिकली कमी चिकटली तरी कॉम्प्रेसर दोन फेजवर चालतो आणि वाइंडिंग जळतं.

धागाकर्ता:
पहिलं युनिट झालं. वाय२ लागताना युनिटवर आर–सी २३.६, वाय२–सी २३.५. तडतड नाही. डिटेक्टर टेस्टवर टाकला: जी चालू असताना पंखा लगेच थांबला. हीटिंग चालू असताना मात्र पंखा आणखी दीड मिनिट फिरत राहिला, बोर्डाचा आर डिटेक्टरच्या आधीचा निघाला. तो नंतर घेतला, आता थांबतो. वाय२ च्या कॉन्टॅक्टरच्या मधल्या टिकलीवर खड्डे होते, बदलला. जुनी आरची तार तशीच ठेवू का, पुढे लागेल म्हणून?

गच्चीकर:
ठेवा, पण दोन्ही टोकं पट्टीवरून सोडवून, टोपी लावून, वर ‘स्पेअर’ची पट्टी चिकटवून. एक टोक जरी युनिटच्या आरवर राहिलं तर खाली कोणीतरी ती कंट्रोलरच्या आरला जोडेल आणि दोन ट्रान्सफॉर्मर एकत्र येतील. आणि डब्याच्या झाकणाच्या आत नवीन जोडणीचा कागद लावा, आर आधी डिटेक्टरमधून जातो हे ठळक लिहून. जुना डायग्राम तिथे राहिला तर पुढचा माणूस त्यावरून पुन्हा बायपास करेल.