रानात उरलेली चॅपलं आणि चर्चं : तुमचे अनुभव लिहा

पडीक चॅपल (छोटं ख्रिस्ती प्रार्थनाघर) म्हटलं की लगेच भुताच्या गोष्टी सुरू होतात. इथे त्या नकोत. आपल्या किनाऱ्यावर वसईपासून रेवदंडा-कोर्लईपर्यंत आणि पुढे गोव्यात पोर्तुगीज काळातली कितीतरी चर्चं, चॅपलं झाडोऱ्यात उभी आहेत. छप्पर गेलंय, वड-पिंपळ भिंतीत शिरलेत. अशा ठिकाणी तुम्ही गेला असाल तर लिहा. वाट कशी होती, आत काय दिसलं आणि मुख्य म्हणजे माणसं तिथून का उठली. परदेशातलंही चालेल.

वसईहून

आमचं घर किल्ल्यापासून सायकलच्या अंतरावर. हल्ली किल्ल्यात लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते आणि सगळे कॅमेरे वर, कमानींकडे. माझी विनंती आहे, खाली बघा. फ्रान्सिस्कन संन्याशांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत. काहींवर घराण्याची ढाल कोरलेली, काहींवर नुसती पोर्तुगीज अक्षरं. भर दुपारी त्या सपाट दिसतात. सकाळी ऊन तिरपं असताना जा, अक्षरांच्या कडांना सावली धरते आणि जिथे काही नव्हतं तिथे अख्खी ओळ उमटते. त्या शिळांवर बूट घालून नाचणारी मंडळी पाहिली की जीव तुटतो. खाली माणसं पुरलेली आहेत हो.

इथून लोक का उठले? १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तहाप्रमाणे पोर्तुगीज निघून गेले. पण इथले ख्रिस्ती कुठे जाणार? आम्ही इथलेच. शेती-वाडी इथली, बोली इथली. किल्ल्यातली चर्चं ओस पडली, गावातली चालू राहिली. आणि किल्ल्यातही सगळंच मेलेलं नाही. गोन्सालो गार्सिया मूळचे वसईचे, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर गेले, १८६२ मध्ये संत झाले. त्यांच्या नावाच्या चर्चवर आज छप्पर आहे आणि सणाला माणसं जमतात.

किल्ल्याच्या घंटा मराठे घेऊन गेले. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी आहे तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. आईला मुद्दाम तिथे घेऊन गेलो होतो. तिने घंटेपुढे उभं राहून क्रूसाची खूण केली. शेजारी दर्शनाला आलेल्या एक आजी होत्या, त्यांनी आईकडे बघितलं आणि त्यांनीही घंटेला हात जोडले. दोघी मग घाटाच्या पायरीवर बसून सुनांबद्दल बोलत होत्या.

अंधेरी, सीप्झमध्ये नोकरी

मुंबईच्या मधोमध असं काही असेल यावर माझ्या टीममधल्या कुणाचा विश्वास बसत नाही. सीप्झच्या (अंधेरीतल्या निर्यात-उद्योगांच्या वसाहतीच्या) कुंपणाच्या आत सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. १५७९ मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी बांधलेलं. १८४० मध्ये रोगाची साथ आली, वस्ती हलली आणि चर्चही मरोळला गेलं. पुढे सगळ्या भागात औद्योगिक वसाहत झाली, त्यामुळे आता परवानगीशिवाय जाता येत नाही. वर्षातून एकदा मे महिन्यात तिथे मिस्सा (ख्रिस्ती सामूहिक उपासना) होते. एका सहकाऱ्याच्या कुटुंबाबरोबर मला जायला मिळालं. वर आभाळ, भिंतींतून लोंबणारी मुळं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि छत्र्या घेऊन बसलेली म्हातारी माणसं. गायनाचा आवाज भिंतींना लागून परत येत होता, छप्पर नसूनही.

पुणे

अंदमानला बहुतेक मराठी माणूस सेल्युलर जेलसाठी जातो, आम्हीही त्यासाठीच गेलो. पण समोरचं रॉस बेट चुकवू नका (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप). अंदमानातली इंग्रजांची राजधानी होती ती. बॉलरूम, बेकरी, क्लब सगळं होतं. जून १९४१ मध्ये मोठा भूकंप झाला, पुढच्या वर्षी जपानी आले, आणि बेट झाडांच्या ताब्यात गेलं. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या दगडी भिंतीवरून मुळं अजगरासारखी उतरलीत. खिडकीच्या चौकटीतून खोड गेलंय. मी बराच वेळ एकाच कमानीपाशी थांबले. समोरच्या किनाऱ्यावर कैदी कोलू (तेलाचा घाणा) ओढत होते आणि इथे रविवारी प्रार्थना होत होती, हे एकत्र मनात बसेना. अजून बसलेलं नाही.

वास्तुसंवर्धनाचं काम करणारी, गोवा

मुळांचा विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगते. उत्साही मंडळी ‘स्वच्छता मोहीम’ काढतात आणि कोयत्याने मुळं ओढून काढतात. असं करू नका! मूळ आधी भिंत फोडतं हे खरं, पण वर्षानुवर्षांनी तेच मूळ सुटे दगड धरून ठेवतं. ते उपटलं की दगड खाली येतात. दुसरं, सिमेंट. या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमुळे ती आत कोंडते आणि जांभा सोलून निघतो. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा ४६ मीटरचा मनोरा बघा. १८३५ मध्ये संन्यासी संघ बरखास्त झाले, देखभाल थांबली आणि १८४२ मध्ये छत कोसळलं. सात वर्षं फक्त. छप्पर टिकलं तर भिंत टिकते, आमच्या कामातली पहिली गोष्ट हीच.

अलिबाग

कोर्लईच्या किल्ल्यातलं चॅपल छोटं आहे, छप्पर नाही. दीपगृहाकडून चढलात तर दम लागतो, पाणी न्या. पावसाळ्यात गवत कमरेपर्यंत आणि साप असतात. उतरल्यावर गावात थांबा. तिथले लोक आजही पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली घरात बोलतात.

नॉर्विच, इंग्लंड

इथल्या नॉरफोकमध्ये स्वाफमजवळ हॉटन-ऑन-द-हिल नावाचं ठिकाण आहे. गाव कधीच नाहीसं झालं, सेंट मेरी चर्च राहिलं, आयव्हीच्या वेलीखाली पूर्ण गडप. १९९२ मध्ये फिरायला गेलेल्या ग्लोरिया डेव्ही यांना ते सापडलं आणि त्यांचे पती बॉब डेव्ही यांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्याला दिली. वेली काढल्या, छप्पर घातलं. गिलावा निघाला तेव्हा आत सुमारे ९०० वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं मिळाली. एवढ्या जुन्या भित्तिचित्रांसाठी आता अभ्यासक तिथे येतात. मी गेले तेव्हा मन भरून आलं. आपल्याकडेही अशा माणसांना शोधून लिहायला हवं.

धागाकर्ता

वसईकर, सकाळच्या उन्हाचं लक्षात ठेवतो. गोव्याच्या ताई, मुळं न उपटता ती वाढू नयेत म्हणून नेमकं काय करतात, सविस्तर लिहाल का? आणि बोरिवलीकर कुणी आहे का इथे? तिथल्या मंडपेश्वराच्या लेण्यात नटराज आणि लेण्याच्या डोक्यावर चर्चचे अवशेष, त्याबद्दल अजून कुणीच लिहिलं नाही.