रेपर्टरीची बेरीज आणि रुग्णाची मुलाखत

होमिओपॅथीत संगणकावर लक्षणे भरली की औषध आपोआप वर येते, मग तासभर मुलाखत कशासाठी, असे एका प्रतिसादात विचारले आहे. मला हे मुळीच पटत नाही. होमिओपॅथ केंटच्या रेपर्टरीत, म्हणजे लक्षणांनुसार औषधे मांडलेल्या सूचीत, प्रत्येक औषधाला जाड, तिरप्या किंवा साध्या ठशावरून तीन, दोन किंवा एक गुण मिळतो आणि सॉफ्टवेअर त्यांची केवळ बेरीज करते. परंतु कोणते रुब्रिक, म्हणजे सूचीतील कोणती लक्षण-नोंद, निवडायचे, हे मुलाखतीतच ठरते. रुग्ण म्हणतो, "तहान फार लागते." एवढ्यावर थांबलो, तर औषधांची लांबलचक यादी हाती येते. तो थोडे थोडे पाणी वारंवार पितो, की बऱ्याच वेळाने तांब्याभर एकदम पितो, हे कळल्यावर मात्र आर्सेनिकम आणि ब्रायोनिया या औषधांच्या वाटा वेगळ्या होतात. तेही "घोटघोट पिता का?" असे विचारून नव्हे, तर "पाणी कसे पिता, ते सांगा" असे म्हणून. उत्तर सुचवणारे किंवा 'हो-नाही'त संपणारे प्रश्न टाळावेत आणि रुग्णाला मध्येच तोडू नये, हे होमिओपॅथीचा जनक हानेमान याने आपल्या 'ऑर्गेनन' या ग्रंथात स्पष्टच सांगितले आहे. हानेमानचा अनुयायी बोनिंगहाउसेन याच्या 1846 च्या रेपर्टरीत त्रासाचे स्थान, संवेदना आणि तो कमी-जास्त होण्याची कारणे वेगवेगळी मांडून पुन्हा जोडता येतात, पण तिथेही कच्चा माल रुग्णाच्या तोंडूनच येतो. शिवाय तहानेबरोबर वजन घटत असेल, तर रेपर्टरी उघडण्याआधी रक्तातील साखर तपासून घ्यावी. मधुमेहाचे निदान कोणत्याही रुब्रिकमधून होत नाही.