मदत हवी आहे: मेटॉनिमी आणि सिनेक्डकी ओळखायची कशी?

परवा इंग्रजीचा पेपर आहे आणि फिगर्स ऑफ स्पीचमध्ये एकाच ठिकाणी गाडी अडलीये. सिमिली, मेटॅफर काही प्रॉब्लेम नाही, आपली उपमा आणि रूपकच की ते, पर्सोनिफिकेशन म्हणजे चेतनागुणोक्ती. पण मेटॉनिमी आणि सिनेक्डकी (हा उच्चार तरी बरोबर आहे ना? मी दोन वर्षं सिनेकडोच म्हणत होते 😅) यात दरवेळी घोळ होतो.

म्हणजे नियम पाठ आहे, अवयव सांगून अख्खी वस्तू म्हणायची असेल तर सिनेक्डकी, जसं गाडीला 'व्हील्स', आणि नुसता संबंध असेल तर मेटॉनिमी, जसं राजसत्तेला 'द क्राउन', कारण मुकुट काही राजाचा अवयव नाही. इथवर ठीक. पण 'ऑल हँड्स ऑन डेक' मधले हँड्स म्हणजे माणसं, आणि 'गिव्ह मी अ हँड' मधला हँड म्हणजे मदत, मग हात तोच असून दुसरं मेटॉनिमी होतं का? मला तसंच वाटतं, पण मैत्रीण म्हणते हात अवयव आहे म्हणजे सिनेक्डकीच, विषय संपला.

आपल्याकडे हे दोन्ही लक्षणेत (म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घेणं) जातं ना? कोणी झटपट ओळखायची ट्रिक सांगाल का, आणि उत्तरात कारण किती लिहायचं तेही प्लीज.